अडुळसा : औषधी उपयोगांचा इतिहास

अडुळसा : (हिं. अडूसा, बांसा, बं. बासक, गु. अरडूसी, क. आडुसोगे, त. आडातोडै, सं. वासा, वासक, आटरूषक, वृष, सिंहास्य, लॅ. जस्टिसिया ॲढॅटोडा, ॲढॅटोडा व्हॅसिका, कुल–ॲकँथेसी). भारतीय उपखंडात सर्वत्र आढळणारे हे सदापर्णी झुडूप खोकला, दमा व मुखावाटे रक्त पडणे या विकारांवर सु. दोन हजार वर्षे वापरात आहे. आयुर्वेद, सिद्ध व यूनानी या तिन्ही वैद्यकपद्धतींनी त्याचा स्वीकार केला. घरगुती औषधांतही त्याचे स्थान टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात त्याचे रासायनिक विश्लेषण झाले आणि विसाव्या शतकात त्यातील एका द्रव्याच्या रचनेवरून आधुनिक कफोत्सारक औषधे तयार करण्यात आली. परंपरेने केलेले निरीक्षण प्रयोगशाळेत कोठवर टिकले व कोठे अपुरे पडले, हे पाहण्यास अडुळशाचा इतिहास उपयुक्त आहे.

नावे व ओळख : अडुळसा सामान्यतः १·२ ते २·५ मी. उंच वाढतो. पाने समोरासमोर, भाल्यासारखी, १० ते २० सेंमी. लांब, टोकदार व चवीस कडू असतात; चुरगळल्यास त्यांना उग्र वास येतो. फुले पांढरी, द्व्योष्ठी म्हणजे दोन ओठांसारख्या भागांची असून खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात. हिवाळ्यात व त्यानंतर ती दाट कणिशांवर येतात. फळ लहान, मुद्गराच्या आकाराचे असून त्यात चार बिया असतात. पडीक जमीन, गावकुसाबाहेरील बांध, ओढ्यांचे काठ व हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या येथे हे झुडूप आपोआप वाढते. गुरे व शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे कुंपणासाठी ते मुद्दाम लावतात आणि महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत ते परसातच मिळते.

संस्कृत नावांपैकी काही वर्णनपर आहेत. ‘सिंहास्य’ म्हणजे सिंहाच्या मुखासारखे. हे नाव उघडलेल्या फुलाच्या आकारावरून पडले. ‘वाजिदंता’ या नावात फुलाची तुलना घोड्याच्या दाताशी केलेली आहे. ‘भिषङ्माता’ म्हणजे वैद्याची माता. वैद्याला या वनस्पतीचा किती आधार वाटे, हे त्यावरून दिसते. मराठी ‘अडुळसा’ व हिंदी ‘अडूसा’ ही नावे ‘आटरूष’ या संस्कृत शब्दावरून आली आहेत. शेळी ज्याला शिवत नाही ते झाड, असा तमिळ नावाचा अर्थ सांगतात.

नावांच्या साम्यामुळे ओळखीत घोटाळेही झाले. गुजरातीत ‘अरडूसी’ म्हणजे अडुळसा, तर ‘अरडूसो’ हे महारुख या मोठ्या वृक्षाचे नाव आहे. महारुखाच्या पानांची भेसळ अडुळशाच्या पानांत होत असल्याचे औषधी द्रव्यांच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. केरळमध्ये याच प्रजातीतील लहान पानांची एक जाती ‘चिट्टाडलोडकम्’ या नावाने ओळखली जाते व तेथील वैद्य वासा म्हणून तिचा उपयोग करतात. म्हणून जुन्या ग्रंथांतील एका नावाखाली सर्व प्रांतांत नेहमी एकच वनस्पती वापरली गेली, असे गृहीत धरता येत नाही.

संहिताग्रंथांतील उल्लेख : चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत वासा प्रामुख्याने रक्तपित्त या विकाराच्या संदर्भात येते. रक्तपित्त म्हणजे दूषित पित्तामुळे बिघडलेले रक्त नाक, तोंड इ. ऊर्ध्व मार्गांनी किंवा गुद व मूत्रमार्ग या अधोमार्गांनी बाहेर पडणे, अशी आयुर्वेदाची कल्पना आहे. आधुनिक वैद्यकातील एका विशिष्ट रोगाशी ती जुळत नाही. घोळणा फुटण्यापासून फुप्फुसातील रक्तस्रावापर्यंत अनेक अवस्था तीत येतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रक्तपित्ताच्या अध्यायात वासाघृत हा कल्प सांगितला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात अखेरीस प्रत्येक रोगावरील श्रेष्ठ द्रव्यांची एक यादी आहे. तीत ज्वरासाठी नागरमोथा व पित्तपापडा, अतिसारासाठी कुडा, तर रक्तपित्तासाठी ‘वृष’ म्हणजे अडुळसा सांगितला आहे. एका रोगास एक अग्रगण्य औषध, अशा या यादीत स्थान मिळणे हे त्या काळी अडुळशाच्या गुणाविषयी मतैक्य झाल्याचे द्योतक आहे.

कडू व तुरट रस, शीत वीर्य आणि कफ व पित्त यांचे शमन असे त्याचे गुण ग्रंथकारांनी दिले आहेत. कास (खोकला), श्वास (दमा), ज्वर, तृष्णा व क्षय या विकारांत तो देण्यास सांगितला आहे. येथे क्षय हा शब्द शरीरातील धातू झिजत जाण्याच्या अवस्थेसाठी योजलेला आहे. त्याचा अर्थ पुढे कसा बदलला, याचा विचार खाली केला आहे.

मध्ययुगीन कल्प : संहितांनंतरच्या काळात औषधनिर्मितीच्या पद्धती अधिक तपशिलाने लिहिल्या जाऊ लागल्या. अडुळशाची पाने जाड व कमी रसाची असल्याने नुसती कुटून त्यांतून पुरेसा रस निघत नाही. ही अडचण पुटपाकाने सोडविण्यात आली. पाने वाटून त्यांचा गोळा करावयाचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळून वरून मातीचा लेप द्यावयाचा आणि निखाऱ्यांत भाजल्यानंतर आतील लगदा पिळून रस काढावयाचा, अशी ही पद्धत आहे. शार्ङ्गधरसंहितेत तिचे वर्णन असून तेथे वासापुटपाकही सांगितला आहे. खेड्यापाड्यांत पान तव्यावर किंवा निखाऱ्यावर गरम करून मग पिळण्याची जी रीत आहे, ती याच पद्धतीचे सुटसुटीत रूप होय.

सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात राजयक्ष्म्याच्या प्रकरणात वासावलेह दिला आहे. पानांचा रस, साखर, तूप व पिंपळी एकत्र शिजवून दाट चाटण करावयाचे आणि ते थंड झाल्यावर त्यात मध घालावयाचा, असा हा कल्प आहे. मध तापवू नये, हा आयुर्वेदाचा सर्वसाधारण नियम येथेही पाळलेला दिसतो. गोड व स्निग्ध अनुपानामुळे पानाचा तीव्र कडूपणा झाकला जातो आणि चाटण घशातून सावकाश उतरते. कोरड्या खोकल्यात मिळणाऱ्या आरामाचा काही भाग या अनुपानाचाही असावा. वासाघृत व वासावलेह यांबरोबर पुढे वासारिष्ट हा आंबविलेला कल्पही प्रचारात आला. यूनानी वैद्यकात अडूसा खोकल्यावरील शरबतांत घालतात, तर सिद्ध वैद्यकात पानांचा काढा व त्याचा पाक प्रसिद्ध आहे.

वासा उपलब्ध आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्त, क्षय व कास यांच्या रोग्यांनी खचून जाण्याचे कारण नाही, अशा आशयाचे वचन वैद्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आले. अडुळशाच्या लौकिकात या वचनाचा वाटा मोठा आहे. पुढे झालेल्या गैरसमजाचे मूळही त्यातच आहे.

लोकव्यवहारातील उपयोग : ग्रंथोक्त कल्पांइतकाच घरगुती उपयोग महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात पानांचा अंगरस मधातून देणे व पानांचा काढा करणे या दोन रीती सर्वत्र रूढ आहेत. काढ्यात ज्येष्ठमध, बेहडा, सुंठ, पिंपळी यांपैकी उपलब्ध असेल ते घालतात व खडीसाखरेने तो गोड करतात. दम्यात वाळलेल्या पानांची विडी करून ओढण्याची चाल होती. काही ठिकाणी तीत धोत्र्याची पाने मिसळीत. धोत्रा विषारी असल्याने हा प्रकार धोक्याचा होता. सुजेवर व सांधेदुखीवर पाने गरम करून बांधतात. फुलांचा साखरेत गुलकंद करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्या आर्यभिषक् यासारख्या ग्रंथांमुळे वनस्पतींचे हे ज्ञान सोप्या भाषेत घरोघरी पोहोचले आणि तोंडी परंपरेला छापील आधार मिळाला.

औषधाखेरीज इतर उपयोगही पुष्कळ आहेत. पाने उकळून पिवळा रंग काढतात. भातशेतीत पानांचे हिरवळीचे खत घालतात. फळे साठविताना व पिकविताना ती अडुळशाच्या पानांत ठेवतात, कारण त्यामुळे कीड लागत नाही असा अनुभव आहे. सतलज नदीच्या खोऱ्यात भातखाचरांत पाने पसरल्यास खत मिळते व पाण्यातील तणही मरते, अशी नोंद जॉर्ज वॉट यांच्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात (१८८९–९३) आहे. जनावरांनी पान टाळणे, किडीने न शिवणे व तण मरणे या तिन्ही गोष्टी पानात काही प्रभावी द्रव्य असल्याच्या खुणा होत्या. रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष त्यांकडे वेधले गेले.

यूरोपीय नोंदी : पॉल हेरमान हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य सतराव्या शतकात श्रीलंकेत होता. तेथे त्याने मोठा वनस्पतिसंग्रह केला. नंतर तो लायडन येथील वनस्पति-उद्यानाचा प्रमुख झाला आणि त्या उद्यानाविषयीच्या १६८७ च्या ग्रंथात त्याने श्रीलंकेतील स्थानिक नावानेच या झुडपाचे वर्णन प्रसिद्ध केले. हेरमानच्या संग्रहावरून लिनीअस यांनी १७४७ मध्ये श्रीलंकेच्या वनश्रीवरील ग्रंथ लिहिला व १७५३ मध्ये या वनस्पतीस जस्टिसिया ॲढॅटोडा हे द्विपद नाव दिले. प्रजातीचे नाव जेम्स जस्टिस या स्कॉटिश उद्यानतज्ञावरून, तर जातीचे नाव दक्षिणेकडील लोकभाषेवरून आलेले आहे. नेस यांनी १८३२ मध्ये दिलेले ॲढॅटोडा व्हॅसिका हे नाव औषधशास्त्रात दीर्घकाळ रूढ राहिले. त्यातील दुसरे पद संस्कृत ‘वासक’ या शब्दाचे लॅटिन रूप आहे.

एकोणिसाव्या शतकात सरकारी रुग्णालयांना लागणारी औषधे विलायतेहून आणावी लागत. देशी पर्याय शोधण्याच्या प्रयत्नात अडुळशाकडे लक्ष गेले. एडवर्ड वेअरिंग यांनी संपादिलेल्या १८६८ च्या भारतीय औषधिकोशात, ज्वर नसलेला जुनाट श्वासनलिकादाह व दमा यांत त्याचा गुण आल्याची डॉक्टरांची साक्ष आहे. ‘ज्वर नसलेला’ ही अट लक्षणीय आहे. औषधाच्या मर्यादेची ती प्रारंभीची स्पष्ट नोंद होय. उदयचंद दत्त यांनी १८७७ मध्ये हिंदूंच्या औषधिद्रव्यांवरील इंग्रजी ग्रंथात वर उल्लेखिलेले आश्वासनपर वचन उद्धृत केले. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डायमॉक (१८३४–९२) यांनी पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांचा अभ्यास केला. पुढे सी. जे. एच्. वॉर्डन व डेव्हिड हूपर यांच्यासह त्यांनी फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) हा ग्रंथ सिद्ध केला. मुंबईचेच कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांनी बी. डी. बसू यांच्यासह लिहिलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

रासायनिक व औषधिक्रियात्मक संशोधन : उटकमंड येथे सिंकोना लागवडीशी संबंधित सरकारी रसायनज्ञ असलेल्या हूपर यांनी १८८८ मध्ये पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले व त्यास ‘व्हॅसिसीन’ हे नाव दिले. पानांचा अर्क कीटक, बेडूक यांसारख्या प्राण्यांना घातक ठरतो, हेही त्यांनी दाखविले. शेतकऱ्यांच्या अनुभवाला अशा रीतीने प्रयोगाचा आधार मिळाला. जे. एन्. सेन व टी. पी. घोष यांनी १९२४ मध्ये या अल्कलॉइडाचा पुन्हा अभ्यास केला. हरमळ या वनस्पतीतून मिळणारे पेगॅनीन व व्हॅसिसीन ही दोन्ही एकच आहेत, असे १९३० नंतरच्या दशकात श्पेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सुकलेल्या पानांत अल्कलॉइडांचे प्रमाण सामान्यतः ०·५ ते २ टक्के असून ते ऋतू व स्थान यांप्रमाणे बदलते.

कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व एस्. घोष यांनी १९२५ मध्ये औषधिक्रियेचा अभ्यास केला. व्हॅसिसिनाने श्वासनलिका सौम्य प्रमाणात परंतु दीर्घकाळ प्रसरण पावतात, असे त्यांना आढळले. ए. एच्. अमीन व डी. आर्. मेहता यांनी १९५९ मध्ये व्हॅसिसिनोन हे दुसरे, श्वासनलिका प्रसृत करणारे अल्कलॉइड वर्णिले. व्हॅसिसिनाचे ऑक्सिडीकरण होऊन ते बनते. म्हणजे ताजे पान व साठविलेले सुके पान यांतील द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. ताज्या पानाचा रस घ्यावा की सुक्याचा काढा, हा वैद्यांचा भेद त्यामुळे निरर्थक ठरत नाही.

यापुढील टप्पा जर्मनीत घडला. व्हॅसिसिनाच्या रेणवीय रचनेचा नमुना समोर ठेवून तेथील औषधरसायनज्ञांनी ब्रोमहेक्झीन हे संश्लेषित द्रव्य तयार केले आणि १९६० नंतरच्या दशकात ते वापरात आले. घट्ट कफ पातळ करून तो सुटा करणे, हे त्याचे कार्य आहे. शरीरात ब्रोमहेक्झिनाचे रूपांतर होऊन जी द्रव्ये बनतात, त्यांपैकी ॲम्ब्रोक्सॉल हे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र औषध म्हणून प्रचारात आले. ही दोन्ही औषधे जगातील अनेक देशांत विकली जातात. भारतात खोकल्यावरील पुष्कळशा पातळ औषधांत ती असतात. बांधावरच्या झुडपाशी त्यांचे असलेले नाते मात्र ती घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते.

क्षयरोग व अडुळसा : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधून काढला. त्यापूर्वी क्षय, राजयक्ष्मा व इंग्रजीतील त्यांचे प्रतिशब्द ही लक्षणांवरून दिलेली नावे होती. त्यानंतर क्षय हे एका विशिष्ट जंतूमुळे होणाऱ्या रोगाचे नाव झाले. शब्द तोच राहिला, पण अर्थ बदलला. वासेविषयीचे जुने वचन मात्र नव्या अर्थाने वाचले जाऊ लागले आणि अडुळशाने क्षयरोग बरा होतो, अशी समजूत दृढ झाली. या समजुतीला अनुभवाचाही काही आधार वाटे. अडुळशाने खोकल्याची उबळ कमी होई, कफ सुटे व रोग्यास तात्पुरते बरे वाटे. क्षयरोगाची लक्षणे काही काळ आपोआपही ओसरतात. परंतु फुप्फुसातील रोग चालूच राही व रोगी कुटुंबातील इतरांना संसर्ग देत राही.

स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडले व १९५२ मध्ये आयसोनियाझिडाचा उपयोग सुरू झाला, तोपर्यंत आधुनिक वैद्यकाजवळही या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांवरच त्याची भिस्त होती. त्या परिस्थितीत गरीब रोग्याने अडुळशाचा आधार घेणे स्वाभाविक होते. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीने, रोग्यास आरोग्यधामात न ठेवता घरीच नियमित औषधे देऊनही तो बरा होतो, हे दाखवून दिले. त्यानंतर केवळ अडुळशावर विसंबणे समर्थनीय राहिले नाही. परवडणारा उपचार उपलब्ध झाल्यावर झालेला विलंब हाच मोठा धोका ठरला. ब्रोमहेक्झीन व ॲम्ब्रोक्सॉल यांची क्षयजंतूंच्या वाढीवर परीक्षानळीत क्रिया होते, असे जे. एम्. ग्रेंज व एन्. जे. स्नेल यांनी १९९६ मध्ये नोंदविले. तथापि परीक्षानळीतील क्रिया म्हणजे रोग्यावरील उपचार नव्हे. अडुळसा हा क्षयरोगावरील प्रमाणित औषधांचा पर्याय असल्याचे सिद्ध झालेले नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला किंवा थुंकीतून पडणारे रक्त यांत थुंकीची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे.

प्रसूतीशी संबंध व धोके : सुलभ प्रसूतीसाठी अडुळशाच्या मुळाचा लेप नाभी व ओटीपोट यांवर करावा, असे जुन्या वैद्यकग्रंथांत सांगितले आहे. काही प्रांतांत गर्भपातासाठीही त्याचा गुप्तपणे वापर होत असे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात या गुणाचा अभ्यास केला. व्हॅसिसिनामुळे गर्भाशयाचे आकुंचन होते, असे त्यांना आढळले. १९८० मध्ये त्यांचा याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. या संशोधनातून प्रसूतीसाठी सर्वमान्य औषध निर्माण झाले नाही, पण एक इशारा मात्र निश्चित झाला. खोकल्यावरील निरुपद्रवी घरगुती औषध म्हणून मानला जाणारा अडुळसा गरोदर स्त्रीस देणे धोक्याचे आहे. मोठ्या मात्रेत घेतल्यास त्याने मळमळ, वांती व जुलाबही होतात.

मूल्यमापन : अडुळशाविषयी परंपरेने केलेल्या विधानांपैकी कफ सुटणे व श्वासोच्छ्‌वास सुलभ होणे यांना प्रयोगाने पुष्टी मिळाली. कीडनाशक व गर्भाशयावरील क्रिया यांबाबतचे लोकानुभवही खरे ठरले. रक्तपित्तावरील कीर्तीची छाननी करणे अवघड आहे, कारण त्या नावाखाली अनेक भिन्न रोग येतात. क्षयरोगाविषयीची समजूत मात्र बऱ्याच अंशी शब्दाच्या अर्थांतरातून निर्माण झाली. पारंपरिक औषधांचा विचार करताना सर्व विधाने एकदम स्वीकारणे किंवा एकदम त्याज्य ठरविणे, हे दोन्ही मार्ग सदोष आहेत, हे या इतिहासावरून दिसून येते. प्रत्येक विधान कोणत्या लक्षणाविषयी, कोणत्या कल्पाविषयी व कोणत्या अर्थाने केले आहे, हे पाहूनच त्याची परीक्षा करावी लागते.

अडुळसा सहज रुजतो, फांदी लावूनही येतो व जनावरांपासून सुरक्षित राहतो. त्यामुळे अनेक औषधी वनस्पती तोडीमुळे दुर्मिळ झाल्या असतानाही तो विपुल आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाच्या पहिल्या भागात वासापत्राचा समावेश असून आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनासाठी त्याची पाने मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.